बरोबरबाई कायम झाल्या

ज्या वर्षी लाँड्रीतल्या बायकांचं दुपारचं जेवण बंद झालं, त्याच वर्षी त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाई नोकरीत कायम झाल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणी लाँड्रीत विचारलं तर अजूनही 'काही नाही' असंच उत्तर मिळेल. संबंध होता. तो तीनच माणसांना ठाऊक आहे: बाईंना, त्यांच्या नवऱ्याला आणि वरच्या मजल्यावरच्या ट्रेनिंगवाल्या मॅडमना. मॅडम एव्हाना विसरूनही गेल्या असतील. त्यांच्या टेबलावर रोज नव्या फायली येतात.

बाईंचं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. बायका त्यांना पाठीमागे 'बरोबरबाई' म्हणायच्या. कोणी फळ्यावर वाक्य लिहिलं, की बाई मान तिरकी करून ते वाचायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर." चुकलेलं असलं तर काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं डस्टर पुढे करायच्या. वय एक्कावन्न. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चार रंगांची पेनं, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि स्वतःचं डस्टर. कुठल्याही संस्थेत डस्टर जाग्यावर नसतं, हा त्यांचा तेवीस वर्षांचा अनुभव होता.

ही तेवीस वर्षं अकरा-अकरा महिन्यांची होती. अकरा महिने नेमणूक, मग एक महिना घरी, मग पुन्हा 'नव्याने' नेमणूक. सलग वर्ष भरलं तर माणूस कायम करावा लागतो, म्हणून वर्ष भरूच द्यायचं नाही, ही युक्ती ज्याने काढली त्याला कुठेतरी पुतळा उभारला असेल. बाईंनी शाळांत शिकवलं, टायपिंगच्या क्लासात शिकवलं, एका हॉटेलात वेटर लोकांना नम्रपणे माफी कशी मागायची तेही शिकवलं. त्यांच्यापेक्षा कच्चं इंग्रजी बोलणारे त्यांच्या डोळ्यांदेखत कायम झाले, साहेब झाले, आणि भेटल्यावर 'काय बाई, अजून शिकवता का?' असं विचारू लागले. बाई हसून 'हो' म्हणायच्या आणि घरी येऊन दोन गोळ्या घ्यायच्या.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे झगे इथे धुवायला यायचे. एका टोकाला मळके कपडे निवडायचे, मध्ये खोलीएवढी यंत्रं, आणि दुसऱ्या टोकाला तापलेले रोलर. दोघी जणी ओली चादर रोलरमध्ये सारायच्या, पलीकडून दोघी कोरडी चादर ओढून घडी घालायच्या. दिवसभर तेच. वाफेने भिंतींचे पोपडे निघालेले, आणि यंत्रांच्या आवाजात ओरडल्याशिवाय बोलता येत नसे. संध्याकाळी घरी जाताना निम्म्या बायकांचे घसे बसलेले असायचे.

या सगळ्यात एक गोष्ट चांगली होती. एक वाजता भोंगा व्हायचा आणि गरम जेवण मिळायचं. भात, त्यावर कडधान्याचं दाट कालवण, एक उकडलेलं अंडं. चव यथातथाच, पण वाढपी हात आखडता घेत नसे. बायका ताट आणि डबा असं दोन्ही घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. अर्धं पोटात, अर्धं डब्यात. डबा घरी जायचा आणि रात्री तीन-चार तोंडांत वाटला जायचा. वाढप्याला हे दिसत होतं आणि तो खुशाल कानाडोळा करत होता. बाई दीड वाजता शिकवायला यायच्या तेव्हा विश्रांतीच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर भरलेले डबे ओळीने मांडलेले असत. म्हणजे बाईंनाही सगळं माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

क्लास मंगळवारी आणि शुक्रवारी. यंत्रांवरच्या सूचना इंग्रजीत, जंतुनाशक पावडरीच्या डब्यांवरची अक्षरं इंग्रजीत, आणि परीक्षा पास झालेल्या बाईला रोलरवरून तपासणीच्या टेबलावर घेत. तपासणीच्या टेबलाला खुर्ची होती. बारा-बारा वर्षं उभ्याने काम केलेल्या बायकांना खुर्ची म्हणजे काय, हे आपल्याला बसल्या जागी कळायचं नाही. त्यामुळे वर्गात चौदा जणी होत्या आणि चौदाही जणी जीव लावून शिकायच्या.

त्यांच्यात सगळ्यात मोठी होती ती रोलरवरची मावशी. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण सुपरवायझरसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. मुलगी कामाच्या शोधात परगावी गेलेली आणि दोन नातवंडं मावशीच्या गळ्यात. मावशीला अक्षरओळख चाळिशीनंतर झालेली. प्रत्येक शब्द ती आधी बोटाने चाचपायची, मग वाचायची.

त्या वर्षी कंपनीने अभ्यासक्रम बदलला. पुस्तक गेलं आणि एक वेबसाइट आली. तिच्यातला पहिलाच मोठा धडा होता 'आरोग्यदायी आहार'. बाईंना वरून सहा टॅब मिळाले, एक प्रोजेक्टर मिळाला, आणि तो ठेवायला टेबल न मिळाल्याने साबणाच्या पावडरीचं खोकं मिळालं. भिंतीवर एक हसरी बाई यायची, मोठ्या स्वयंपाकघरात लालजांभळी फळं नळाखाली धुवायची, आणि इंटरनेट अडकलं की तोंड उघडं ठेवून तशीच थांबायची. बायका तोवर तिच्या स्वयंपाकघरातल्या खणांची संख्या मोजायच्या. ती फळं कुठली, हे चौदा जणींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. खरं तर बाईंनाही नव्हतं, पण त्यांनी नाव मात्र अचूक उच्चारून दाखवलं.

मग एक ताट यायचं. चित्रांतले पदार्थ बोटाने ओढून ताटाच्या योग्य भागात ठेवायचे. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रथिनं, वगैरे. इथे एक वेगळीच अडचण झाली. सोडा आणि ब्लीचने बायकांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की टॅबला त्यांचा स्पर्शच कळेना. मावशीने चार वेळा गाजर ओढलं आणि गाजर हललं नाही. शेवटी तिने बोटाचं पेर वापरलं आणि गाजर ताटात पडलं. सगळ्या हसल्या, मावशी पण हसली.

पण खरा मुद्दा होता वेबसाइटवरच्या आहार-वहीचा. दर वर्गाला आदल्या दिवसाच्या चार चौकटी भरायच्या: सकाळी काय खाल्लं, दुपारी, संध्याकाळी, रात्री. पूर्ण वाक्यात आणि धड्यातले शब्द वापरून. वाक्य जमलं की चौकटीत हिरवं पान उगवायचं, नाही जमलं की वाळकं. आठवड्याच्या शेवटी कोणत्या वर्गाने किती हिरवी पानं मिळवली, याचा आकडा आपोआप वर मॅडमकडे जायचा.

आणि मॅडमनी बाईंना पहिल्याच दिवशी बोलावून सांगितलं होतं की या वर्षी शिक्षकाची एक जागा कायम होणार आहे, तुमच्या बॅचचे आकडे चांगले आले तर फाइल पुढे सरकवता येईल. मॅडम वयाने बाईंच्या भाचीएवढ्या. बोलायला गोड, आणि कामाने पिचलेल्या. वाईट बाई नव्हती ती, हे सांगून ठेवतो, नाहीतर सगळं खापर तिच्यावर फोडून आपण मोकळे होऊ.

पहिल्या शुक्रवारी बायकांनी वही भरली. मावशीने बोटाच्या पेराने एकेक अक्षर दाबत तिला येईल तसं इंग्रजीत लिहिलं. सकाळ: चहा. दुपार: कंपनी भात. संध्याकाळ: नाही. रात्र: कंपनी भात, मुलं आधी, मी मागून.

चारही चौकटींत वाळकी पानं आली. बाईंनी तिच्या खांद्यावरून वाचलं, पुन्हा वाचलं.  पण सहा टॅब आळीपाळीने फिरवून भरलेल्या बाकीच्या तेरा वह्यांतही, कमीजास्त हेच होतं आणि तशीच वाळकी पानं होती, आणि हा आकडा संध्याकाळी वर जाणार होता.

"मावशी, ही डॉक्टरची वही नाही, इंग्रजीची आहे," बाई म्हणाल्या. "आपल्याला वाक्य शिकायचंय. तुम्ही काय खाल्लंत हे कोणी विचारत नाहीये."

"विचारलंय की. काल काय खाल्लं म्हणून."

"ते सरावासाठी."

"मग खोटं लिहू?"

"खोटं नाही. सराव."

आणि बाई हे मनापासून म्हणाल्या. भाषेच्या वर्गात असंच चालतं, जगभर चालतं. ज्याला भाऊ नाही तो 'माझा भाऊ डॉक्टर आहे' असं लिहितो आणि कोणी त्याला दवाखान्याचा पत्ता विचारत नाही. बाई लहानपणी पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत वाढल्या. सातवीत त्यांनी 'आमची बाग' हा निबंध इंग्रजीत लिहिला होता. बागेत कारंजं होतं, माळी होता, माळ्याला कुत्रा होता. त्यांना दहापैकी दहा मिळाले आणि निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. घरी आईने विचारलं, कुठली गं बाग? तर त्या आईवर चिडल्या. आईला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तिला असले प्रश्न पडतात, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

तेव्हा त्यांनी फळ्यावर चार वाक्यं लिहिली, चार रंगांत. मी सकाळी ओट्स आणि एक सफरचंद खाते. मी दुपारी हिरव्या भाज्या खाते. मी संध्याकाळी दही खाते. मी रात्री मासे आणि कोशिंबीर खाते. वाक्य तेच ठेवायचं, एक शब्द बदलायचा: सफरचंदाच्या जागी केळं, माशांच्या जागी अंडं. ही त्यांची जुनी, हुकमी पद्धत. बायकांनी एकेक शब्द बदलला आणि टॅबवर हिरव्या पानांची नुसती झड लागली. घडी घालणाऱ्या एका पोरीने रात्रीच्या जेवणात बदक लिहिलं आणि तेही हिरवं झालं. वर्ग हसून लोटपोट झाला. बाई म्हणाल्या, "बरोबर."

पुढे सात आठवडे हेच चाललं. बायका दीड वाजता भात खाऊन, डबा कट्ट्यावर ठेवून वर्गात बसायच्या आणि टॅबवर दही खायच्या. त्यांचं इंग्रजी खरंच सुधारलं. मावशी आता वाक्य म्हणताना अडखळत नव्हती. 'मी जेवणानंतर नेहमी फळ खाते,' हे ती इतक्या झोकात म्हणायची की ऐकणाऱ्याला तिच्या घरी फळबाग असल्यासारखं वाटावं.

घरी बाईंच्या नवऱ्याला या धड्याची भारी गंमत वाटायची. तो एका दैनिकात प्रूफं तपासायचा. दैनिक बंद पडल्यापासून घरी होता आणि स्वयंपाक करायचा. बाई स्वतः सकाळी बसमध्ये दोन बिस्किटं खायच्या आणि दुपारी दोन क्लासांच्या मध्ये उभ्या उभ्या चहा प्यायच्या. तो विचारायचा, काय मास्तरीणबाई, आज वहीत काय जेवलात? त्यांनी फळ्यावरच्या वाक्यांचं सांगितलं तेव्हा मात्र तो भाजी परतता परतता थांबला.

"मी तीस वर्षं थापांच्या वेलांट्या सुधारल्या," तो म्हणाला. "पेपर चोख निघायचा. तू जरा बघ हं, ते आकडे कुठे जातात ते."

बाई म्हणाल्या, आकडे कुठे जाणार, फायलीत जाणार. त्यांना त्या दिवशी त्याचा रागच आला. हा घरात बसून शहाणपण शिकवतो आणि नोकरीच्या मागे धावायचं मी, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

सात आठवड्यांनी बॅचला शेकडा ब्याण्णव हिरवी पानं मिळाली. कंपनीच्या कुठल्याच वर्गाला इतकी मिळाली नव्हती. मॅडम खाली आल्या, बायकांसोबत फोटो काढला, प्रत्येकीला तपासणीच्या टेबलासाठी लागणारं प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली दिली. मावशीने प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी न पाडता, पोटाशी धरून घरी नेलं. बाईंची फाइल पुढे सरकली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जेवणाच्या रांगेजवळ नोटीस लागली. ती इंग्रजीत होती. आधीच्या वर्षी असती तर बायकांनी सुपरवायझरला विचारलं असतं. या वेळी त्या स्वतःच पुढे सरसावल्या. मावशीने बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मागच्या जणी शब्द पुरवू लागल्या. 'संतुलित आहार' हे शब्द आले तेव्हा चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, हे आपल्या धड्यातले. क्षणभर सगळ्यांना मोठा अभिमान वाटला. मग मावशीचं बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

नोटिशीत लिहिलं होतं की प्रशिक्षणातून गोळा झालेल्या माहितीनुसार आपले कर्मचारी घरी दिवसातून तीन वेळा फळं, भाज्या आणि प्रथिनं असा संतुलित आहार घेतात. सबब दुपारचं जड जेवण अनावश्यक ठरत असून पहिल्या तारखेपासून त्याऐवजी पौष्टिक अल्पाहाराचं पाकीट देण्यात येईल. खाली मॅडमची सही होती आणि कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेलं होतं.

पाकिटात मूठभर भाजलेले दाणे, चार सुके जर्दाळू आणि एक बिस्किट असायचं. डब्यात घालून घरी न्यावं असं त्यात काही नव्हतं. पहिल्या तारखेला बायकांनी सवयीने डबे आणले, दुसऱ्या दिवशी आणले नाहीत.

मंगळवारी वर्गात टॅब कोणी उघडलेच नाहीत. मावशी उभी राहिली. आरडाओरडा नाही, रडारड नाही. ती म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा वर जाऊन सांगा. आम्ही सांगितलं तर म्हणतील जेवणासाठी शब्द फिरवतायत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. एवढंच सांगा की ती वाक्यं फळ्यावरची होती."

"सांगते," बाई म्हणाल्या. "उद्याच सांगते."

त्या नुसतं तोंडदेखलं म्हणाल्या नव्हत्या. रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी बसमध्ये बिस्किटंही पिशवीतच राहिली. त्या मनात वाक्य घोळवत होत्या: मॅडम, ती वाक्यं मी लिहून दिली होती, त्यांचं घरचं जेवण तसं नाही. सोपं, सरळ वाक्य. यात चूक काढायला जागा नव्हती.

मॅडमच्या खोलीत चहा आला. टेबलावर बाईंची फाइल होती, त्यांच्याच नावाची, आणि तिच्यावर 'कायम नेमणूक' असं ठळक लिहिलेलं. तेवीस वर्षांत बाईंनी हे शब्द आपल्या नावाजवळ कधी पाहिले नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, त्या आहार-वह्यांबद्दल थोडं बोलायचं होतं."

"अरे वा, मीही त्याचसाठी तुम्हाला बोलावणार होते," मॅडम म्हणाल्या. हेड ऑफिसला शिक्षकाकडून एक ओळ लेखी हवी होती, की वहीतल्या नोंदी विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या आहेत, शिक्षकाने काही सांगितलेलं नाही. एक साधा उपचार. मग मॅडमनी मान वर केली. "तुम्ही काही लिहून दिलं नव्हतं ना? तसं असेल तर बॅच रद्द धरावी लागेल. मग त्यांची प्रमाणपत्रंही गेली, आणि तुमची फाइल पण..." 

बाईंच्या मनात त्या वेळी काय आलं, ते त्यांनी नंतर नवऱ्याला सांगितलं. आलं ते असं, की बॅच रद्द झाली तर मावशीला मिळू घातलेली खुर्ची जाईल. बारा वर्षं उभी राहिलेली बाई, तिच्या तोंडचा घास तर गेलाच, आता खुर्चीही आपण घालवायची का? हे खोटं नव्हतं. पण ते आधी आलं नव्हतं. आधी फायलीवरचे शब्द आले होते, खुर्चीचं कारण मागून आलं आणि बाईंनी ते घट्ट धरलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनीच लिहिलंय."

मॅडमनी कागद पुढे केला, बाईंनी सही केली. मग त्यांनी विचारलं, ते पाकीट जरा मोठं करता येईल का? मॅडमनी विचार केला आणि म्हणाल्या, केळ्याचं बघते. केळं पुढे कधी आलं नाही.

बाई जिना उतरल्या. खाली रोलर चालू होते. आवाजात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून मावशीने नुसती हनुवटी वर करून विचारलं. बाईंनी मान हलवली, ती धड होकाराची नाही, धड नकाराची नाही. शुक्रवारी वर्गात मात्र बोलावं लागलं. चौदा जणी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मी बोलले," बाई म्हणाल्या. "सगळं सांगितलं. ते ऐकून घ्यायला तयार नाहीत."

 मग मावशी म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुम्ही तरी बोललात. आमच्यासाठी एवढं कोण तोंड उघडतं?"

आणि ती गोष्ट लाँड्रीभर पसरली. आधी एवढीच, की बाई वर जाऊन बोलल्या. मग बाई वर जाऊन भांडल्या. महिन्याभरात बाईंनी मॅडमच्या टेबलावर हात आपटला होता, आणि मॅडम रडायच्या बेतात होत्या, इथवर ती गेली. सुपरवायझर बाईंशी अदबीने वागू लागला. निवडीच्या विभागातल्या, क्लासला न येणाऱ्या बायकासुद्धा वाटेत भेटल्या की थांबून नमस्कार करायच्या. तेवीस वर्षांत बाईंना इतका मान कुठे मिळाला नव्हता. त्यांनी वाट बदलून मागच्या दाराने यायला सुरुवात केली.

बाईंनी सही केली त्या संध्याकाळीच नवऱ्याने विचारलं होतं, "मग, सांगितलंस?" बाईंनी त्याला सगळं जसं घडलं तसं सांगितलं, मॅडमचा शब्द आणि स्वतःचा शब्दही. त्याच्यापाशी खोटं बोलायला त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. तो काही वाईट बोलेल, टोचेल, निदान प्रूफांवरून काही म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो म्हणाला, "जेवून घे," आणि ताट वाढलं. त्यानंतर त्याने वहीवरून त्यांची थट्टा कधी केली नाही. मास्तरीणबाई अशी हाकही मारली नाही. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, असं बाईंना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

पाकिटं सुरू होऊन महिना लोटला तेव्हा दुपारी चारच्या सुमारास घडी घालणारी ती बदकवाली पोर रोलरसमोर घेरी येऊन पडली. नशिबाने मागच्या बाजूला पडली, पुढे पडली असती तर हात भाजले असते. दवाखान्यातून परत आली तेव्हा कागदावर 'अशक्तपणा' एवढंच होतं. वरून त्याची ताबडतोब दखल घेतली गेली. बाईंना निरोप आला की 'न्याहारीचं महत्त्व' हा उपधडा सगळ्या बॅचला पुन्हा दाखवावा, सोबत नव्या व्हिडिओची लिंक.

बाईंनी दाखवला. भिंतीवर ती हसरी बाई पुन्हा आली आणि वाटीत दूध ओतू लागली. बायका बघत होत्या. बदकवाली पोर पहिल्या रांगेत होती, कारण तिच्यासाठीच तर धडा होता. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि बाईंना तेच सोसवत नव्हतं.

तेवढ्यात शिपाई दारात आला. हातात लखोटा आणि सहीची वही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, अभिनंदन. तुमची ऑर्डर आली. आणि ही वरच्या कॅन्टीनची कुपनं. कायम लोकांना दुपारचं जेवण असतं. आजपासूनच चालू, पण दोनला बंद होतं, लवकर जा."

बाईंनी सही केली. कुपनांचं पुडकं त्यांनी घाईघाईने पिशवीत कोंबलं आणि म्हणाल्या की आज नको, भूक नाही, धडा संपवू या. आवाज त्यांना जमला नाही. पिशवीचा बंद त्यांनी दोनदा सोडला, दोनदा बांधला, ते सगळ्यांनी पाहिलं.

मावशी उठली. तिने प्रोजेक्टरच्या खोक्याला वळसा घातला आणि बाईंच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली. कुपनांचं पुडकं बाहेर काढून तिने एक कुपन फाडलं आणि बाईंच्या हातात ठेवलं.

"आमच्यावरून जेवण सोडताय होय?" ती म्हणाली. "असं नका करू. तुम्ही तर आमच्यासाठी भांडलात. तुम्ही कशाला उपाशी राहायचं? जा, जेवून या. आम्ही थांबतो."

बाकीच्याही म्हणाल्या, जा बाई, जा. बदकवाली पोर म्हणाली, "गरम आहे तोवर जा."

सांगायची वेळ असेल तर ती तेव्हा होती. बाईंचं तोंड उघडलंही होतं. भिंतीवरची बाई वाटी हातात धरून अडकली होती, आणि चौदा चेहरे त्यांच्याकडे मायेने बघत होते. ती माया जाईल, या भीतीने त्यांनी तोंड मिटलं.

त्या वर गेल्या. मोठ्या खिडक्यांची खोली होती, टेबलांवर स्वच्छ कापडं होती. खालच्याच वाढप्याला आता वर घेतलं होतं, त्याने ओळखून हसून जास्तीचा भात वाढला. जेवण चांगलं होतं आणि बाईंना फार भूक लागली होती. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि दोन वाजायला पाच मिनिटं असताना खाली आल्या. बायका स्क्रीनसमोर नीट ओळीत बसल्या होत्या, आणि मावशीने त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती.